पणजोबांचं आयुष्य त्यांच्या काळात कसं बसवायचं: महाराष्ट्रातल्या घराण्यांसाठी मार्गदर्शक

बहुतेक वंशावळींत नावापुढे दोनच आकडे असतात, जन्माचा आणि मृत्यूचा. अधेमधे एखादी नोंद सापडते, "१९१९ साली मुंबईस गेले" अशी. आता या ओळीशेजारी तीन गोष्टी ठेवून बघा. १९१८ चा पाऊस मुंबई इलाख्याच्या बऱ्याच भागात हुकला होता. त्याच वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास इन्फ्लुएन्झा, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, गावोगाव माणसं नेत होती. आणि महायुद्धामुळे धान्य-कापड महागलेलं होतं. एवढं ठेवलं की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात: घरात कमावतं कोण उरलं होतं? जमीन गहाण पडली होती का? बायको-मुलं बरोबर गेली की गावीच राहिली? आणि प्रत्येक प्रश्न तुम्हाला एका ठरावीक दप्तराकडे नेतो.

सगळ्या पायऱ्यांमागे एकच धोरण ठेवा. पूर्वजाशेजारी ठेवायचा इतिहास त्याच्या तालुक्याचा आणि त्या महिन्याचा असावा. देशाचा इतिहास त्यानंतर. राष्ट्रीय सभेचं (काँग्रेसचं) अधिवेशन कुठे भरलं यापेक्षा त्या साली आपल्या तालुक्यात रब्बी आली की नाही, याचा घरावर जास्त परिणाम झालेला असतो.

पहिली पायरी: एक माणूस, एक तक्ता

सगळं घराणं एकदम हाती घेऊ नका. एक व्यक्ती निवडा, शक्यतो १८८० ते १९३० दरम्यान जन्मलेली. त्या काळातले कागद मिळतात आणि ती व्यक्ती पाहिलेली माणसंही कधीकधी हयात असतात.

कागदावर किंवा एक्सेलमध्ये सात रकाने आखा: इसवी सन, मूळ नोंद जशीच्या तशी, वय, घटना, त्या वेळचं ठिकाण, तालुक्यात तेव्हा काय चाललं होतं, आणि पुरावा. मूळ नोंदीचा रकाना कधीही गाळू नका. तुम्ही केलेलं रूपांतर चुकलं तर परत जायला तोच एक दुवा असतो.

घटनांत जन्म-लग्न-मृत्यूबरोबर हेही धरा: शाळेत नाव घातलं, शाळा सुटली, प्रत्येक मुलाचा जन्म, दगावलेली मुलं, गाव सोडणं, नोकरी लागणं, जमीन घेणं-विकणं-गहाण टाकणं, भावांतली वाटणी, जोडीदाराचा मृत्यू. बाईचा तक्ता असेल तर माहेरचं गाव आणि माहेरचं नाव वर ठळक लिहा. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होत असे. त्यामुळे पहिल्या अपत्याची जन्मनोंद सासरच्या गावात शोधून लोक हात टेकतात आणि ती आजोळच्या दप्तरात पडलेली असते.

दुसरी पायरी: साल आधी पक्कं करा

इथे घाई केली की पुढचं सगळं एका वर्षानं सरकतं.

शके असेल तर चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. "शके १७९८ माघ" म्हणजे १८७७ चा जानेवारी-फेब्रुवारी. सरसकट ७८ मिळवलं तर १८७६ येतं आणि दुष्काळ ऐन भरात असतानाची नोंद त्याच्या सुरुवातीआधी जाऊन बसते. पौष महिना डिसेंबर आणि जानेवारी दोन्हीकडे पसरतो, तेव्हा पौषातली तिथी जुन्या जंत्रीत (तिथी-तारखांच्या कोष्टकात) बघितल्याशिवाय लिहू नका. व्यापारी घराण्यांच्या वह्यांत विक्रम संवत असतो. तो कार्तिकात बदलणारा असेल तर दिवाळी पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा करा, पुढे दिवाळीपर्यंत ५६. संवत १९५६ हे १८९९-१९०० येतं, म्हणूनच गुजरात-राजस्थानकडे त्या दुष्काळाला छप्पनिया म्हणतात. मराठवाड्यातल्या निजामी कागदांवर फसली साल असतं, त्यात महिन्यानुसार ५९० किंवा ५९१ मिळवा. पेशवाईतल्या मोडी कागदांवरचा शुहूर सन मृगाला सुरू होतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, त्यापुढे ६००.

दोन बारीक फरक नवशिक्याला हमखास चकवतात. पहिला वद्य पक्षाचा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. आपलं आश्विन वद्य तिकडच्या कागदावर कार्तिक कृष्ण म्हणून येतं, म्हणून काशी-गयेच्या पंड्यांच्या वहीतली तिथी तशीच उचलू नका. दुसरा फरक दिवसाचा. तिथी सूर्योदयापासून धरतात, इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. रात्री दोनला माणूस गेला तर घरची नोंद आदल्या दिवसाची आणि सरकारी नोंद दुसऱ्या दिवसाची असू शकते. एका दिवसाच्या तफावतीवरून दोन वेगळ्या व्यक्ती मानू नका.

१९५७ नंतरच्या सरकारी कागदांवर कधीकधी भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेचा शक छापलेला असतो. त्यातला चैत्र २२ मार्चला (लीप वर्षी २१ ला) सुरू होतो. तो आपल्या पंचांगातला चैत्र नव्हे.

घरात वर्ष आठवत नाही पण श्राद्धाची तिथी पाळली जाते, असं पुष्कळदा असतं. ही तिथी बरंच सांगते. वर्षश्राद्ध ज्या महिन्यात होतं तोच मृत्यूचा महिना. पितृपक्षातल्या तिथीवरून मात्र फक्त तिथी कळते, महिना नाही. एखाद्या पणजीचं अविधवा नवमीला होत असेल तर ती नवऱ्याच्या आधी गेली, हे नक्की धरा. पण ती नवमीलाच गेली असं समजू नका. चतुर्दशीला कुणाचं होत असेल तर अपघात, शस्त्र किंवा तत्सम मृत्यूची शक्यता मनात ठेवून चौकशी करा.

शाळेच्या दाखल्यावर "१ जून" ही जन्मतारीख दिसली की सावध व्हा. शाळा जूनमध्ये भरत, मुलाला घेऊन येणाऱ्याला तारीख सांगता येत नसे, गुरुजी वयात बसेल अशी तारीख घालत. अशा नोंदीतलं वर्षसुद्धा एखाद-दोन वर्षांनी मागेपुढे धरावं. म्हाताऱ्या माणसांची वयं चाळीस, पन्नास, साठ अशा गोल आकड्यांवर जमतात आणि मृत्यूच्या वेळचं वय घरात वाढवूनच सांगितलं जातं. "विसावं चालू होतं" म्हणजे एकोणीस पूर्ण, हेही मोजताना विसरू नका.

तिसरी पायरी: तेव्हा राज्य कुणाचं होतं?

आज जो भाग महाराष्ट्र आहे तो इंग्रजी अमलात आणि नंतरही, १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य होईपर्यंत, एका कारभाराखाली नव्हता. कायदा, कागदाची भाषा, नाणं, शाळा, सगळं त्यावर ठरत होतं. पुणे, अहमदनगर, नाशिक हा भाग १८१८ पासून कंपनीच्या ताब्यात. साताऱ्याची गादी १८४८ मध्ये खालसा झाली, नागपूरची १८५४ मध्ये. वऱ्हाड निजामाचं, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे, आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलेलं. मराठवाडा सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तिथले कागद उर्दूत असतात आणि रक्कम निजामाच्या हाली रुपयांत. सांगली, मिरज, औंध, फलटण ही संस्थानं मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात आली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला.

शारदा कायदा बघा. मुलीचं लग्नाचं किमान वय १४ आणि मुलाचं १८ ठरवणारा हा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला आणि तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. त्याआधीच्या काही महिन्यांत लोकांनी लहानलहान मुलींची लग्नं उरकून घेतली. तुमच्या पणजीचं लग्न १९३० च्या माघ-फाल्गुनात सहाव्या वर्षी झालं असेल आणि गाव पुणे जिल्ह्यातलं असेल, तर हे कारण विचारात घ्यायलाच हवं. गाव परभणीकडचं असेल तर हेच कारण चिकटवता येणार नाही. उलट कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला होता, त्यामुळे कागलचा मुलगा शाळेत गेला आणि शेजारच्या मुलखातला त्याच वयाचा चुलतभाऊ गेला नाही, हे समजून घेता येतं.

जिल्ह्यांची नावं-हद्दीही तपासा. सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून निघाला. खानदेशाचे पूर्व-पश्चिम तुकडे १९०६ मध्ये झाले. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता आणि रायगड त्याच वर्षापर्यंत कुलाबा. लातूर १९८२ चा, नंदुरबार १९९८ चा. जुनं दप्तर पुष्कळदा जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी राहिलेलं असतं, म्हणून "नोंद नाही" हे उत्तर ऐकून थांबायच्या आधी आपण योग्य कचेरीत उभे आहोत ना, हे बघा.

चौथी पायरी: कागद काढा, पण शेजारच्या ओळींसकट

गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही म्हणजे गाव नमुना १४, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. ती बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असते. मुंबई-पुण्यासाठी महापालिकेच्या नोंदी. शाळेतून दाखला मागू नका, जनरल रजिस्टरचा उतारा मागा. दाखल्यावर चार गोष्टी येतात, रजिस्टरात शेरा असतो. जमिनीसाठी जुने सातबारा, फेरफार आणि आठ-अ. बऱ्याच तालुक्यांतले हे कागद स्कॅन होऊन आपले अभिलेख या सरकारी संकेतस्थळावर आलेले आहेत. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्यानं सुरू झाली, त्याआधीच्या जमिनीसाठी इनामपत्रं, वाटणीपत्रं आणि पुराभिलेखागारं. १९५० च्या दशकापर्यंतचे अनेक कागद मोडीत असतात. दोन महिने रोज अर्धा तास मोडी शिकलात तर नावं आणि तारखा तरी स्वतः वाचता येतील. संपूर्ण लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्या.

आता सगळ्यात उपयोगाची सवय. आपल्या माणसाची ओळ सापडली की तिचा फोटो काढून निघून येऊ नका. वरच्या वीस आणि खालच्या वीस ओळी वाचा. मृत्यूच्या वहीत १९१८ चं पान उघडा. सप्टेंबरपर्यंत महिन्याला दोन-तीन नावं आणि ऑक्टोबरमध्ये अचानक पानंच्या पानं, असं दिसलं तर साथ तुमच्या गावात पोचली होती याचा पुरावा तुमच्या हातात आहे. कारणाच्या रकान्यात बहुधा नुसतं "ताप" असेल, कारण नोंद करणाऱ्या पाटला-कोतवालाला दुसरं काही माहीत नव्हतं. वयाचा रकानाही बघा. या साथीत वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं मोठ्या संख्येनं गेली. पानावर तरणी नावं दाट असतील तर अंदाज आणखी बळकट होतो. शाळेच्या रजिस्टरातही तसंच. एका मुलाचं नाव "गैरहजर, कमी केले" असेल तर ते त्या घराचं कारण. एकाच पंधरवड्यात पंधरा मुलांची नावं कमी झाली असतील तर गावावर काहीतरी आलं होतं: प्लेगमुळे लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत गेले असतील किंवा दुष्काळी कामावर.

फेरफारात एक जागा फार जणांना फसवते. वारसनोंदीच्या फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नसते. नोंद दोन-चार वर्षांनी, कधी भावांत भांडण लागल्यावर, केलेली असते. मजकुरात "अमुक तारखेस मयत" असे शब्द शोधा. आणि १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्यानंतर गावोगाव एकत्रीकरण झालं, तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर नव्या उताऱ्यावर सापडत नाही म्हणून जमीन गेली असं मानू नका, आधी जुन्या-नव्या नंबरांचा जुळणी तक्ता मागा.

पाचवी पायरी: तालुक्याच्या इतिहासाचा रकाना भरा

पहिला आधार जिल्हा गॅझेटियर. मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटियरं कॅम्पबेल यांनी संपादित केली, बहुतेक खंड १८८० च्या दशकात निघाले. त्यांत तालुकावार पिकं, मजुरीचे दर, रुपयाला किती शेर धान्य, बाजाराचे वार, सडका, दुष्काळाची हकिकत सगळं आहे. पूर्वजाची कमाई किंवा कर्ज समजून घ्यायला हेच वापरा. "तेव्हाचे पन्नास रुपये म्हणजे आजचे इतके लाख" असा गुणाकार करू नका. त्याऐवजी त्या रकमेत त्याच सालच्या मजुराचे किती महिने बसतात, ते मोजा. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि १२ पै, हा हिशेब १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत चालला.

जनगणना १८७२ आणि मग १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी. तिच्यात तुमच्या माणसाचं नाव मिळणार नाही, पण तालुक्याची लोकसंख्या कळते. १९०१ चा आकडा १८९१ पेक्षा घटलेला दिसला तर मधल्या दहा वर्षांतले दोन दुष्काळ आणि प्लेग तिथे किती लागले, याचा अंदाज येतो. ज्ञानप्रकाश (१८४९ पासून), दीनबंधू (१८७७), केसरी (१८८१) यांच्या जुन्या फायली मोठ्या ग्रंथालयांत बघायला मिळतात. त्यांतली गावोगावची बातमीपत्रं वाचा.

महाराष्ट्राच्या घराण्यांना पुन्हापुन्हा लागणाऱ्या घटना थोडक्यात अशा. १८७५ चे दख्खनचे दंगे, सुप्याला सुरुवात, सावकारांची खतं जाळली गेली. त्यातून १८७९ चा शेतकरी कायदा आला आणि गहाणखतं नोंदवण्याची शिस्त लागली, म्हणजे त्यानंतरचे कर्जाचे कागद मिळण्याची शक्यता वाढते. दुष्काळ १८७६-७८, १८९६-९७, १८९९-१९००, आणि मग १९७२. प्लेग सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला, पुढच्या वर्षी पुण्यात, आणि नंतर वीसेक वर्षं थंडीच्या दिवसांत परत परत.

रेल्वे: पुणे १८५८, सोलापूर १८६०, भोर घाट १८६३, नागपूर १८६७, कोल्हापूर १८९१. गाव स्टेशनपासून किती कोस होतं हे नकाशावर मोजा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाकडे गेलेल्या मराठा पलटणी. कुतच्या वेढ्यात (डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६) पूना डिव्हिजन अडकली होती. सातारा-रत्नागिरीकडच्या अनेक गावांत "या गावातून इतके लोक महायुद्धास गेले" अशा दगडी पाट्या आजही आहेत, चावडी-देवळाजवळ शोधा. परत न आलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर तपासता येतात.

१९४८ साल अनेक घरांत कागदांचा धागाच तोडतं. ३० जानेवारीच्या गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, कुटुंबं पुण्या-मुंबईला आली आणि दप्तर राख झालं. मराठवाड्यात त्याआधी रझाकारांच्या (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या) भीतीनं माणसं हद्द ओलांडून सोलापूर-नगरकडे गेली, आणि सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतर मुस्लीम कुटुंबांवर अत्याचार झाले, त्यांतलीही अनेक गावं सोडून गेली. या आठवणी विचारताना हळू जा. सांगणाऱ्याला थांबावंसं वाटलं तर थांबा.

जमिनीच्या नोंदींत पुढचे टप्पे ओळखायला शिका. खोती (कोकणातली खोताकडची गाववसुलीची वहिवाट) १९४९ च्या कायद्यानं गेली, कुलकर्णी वतनं १९५० च्या, महार वतनासह कनिष्ठ गाववतनं १९५८ च्या. कुळकायद्यात १ एप्रिल १९५७ हा दिवस महत्त्वाचा. उताऱ्यावर त्या कायद्याचं कलम "३२ ग" दिसलं तर कुळाच्या खरेदीची किंमत ठरवली गेली, "३२ म" दिसलं तर खरेदीचं प्रमाणपत्र मिळून कसणारं कूळ मालक झालं. तुमचा पूर्वज कुळाच्या बाजूचा होता की जमीनमालकाच्या, त्यावर घरात सांगितली जाणारी गोष्ट पूर्ण बदलते, म्हणून दुसऱ्या बाजूचं म्हणणंही टिपून ठेवा. विदर्भ आणि मराठवाड्याचे कुळकायदे वेगळे होते. मुलींची नावं १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर उताऱ्यावर दिसू लागतात, आणि पुष्कळदा लगेच "हक्कसोड" असा पुढचा फेरफारही. तोही टिपा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर शाळेच्या रजिस्टरांत धर्माचा रकाना बदलतो. एकाच घरातल्या थोरल्या-धाकट्याची नोंद वेगळी दिसली तर ती चूक समजून दुरुस्त करू नका.

पुण्यातलं कुटुंब असेल आणि १९६१ पूर्वीचं काहीच सापडत नसेल, तर नदीकाठच्या पेठेत घर होतं का ते विचारा. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात असंख्य घरांचे कागद वाहून गेले.

सहावी पायरी: वडीलधाऱ्यांना साल विचारू नका

"आजी, तुझं लग्न कोणत्या साली झालं?" याला उत्तर येतं, "काय की बाई." तेच असं विचारा: "आजी, तुझ्या लग्नात कंट्रोल होता का? साखर कुठून आणली?" कंट्रोल म्हणजे १९४३ पासूनचं रेशनिंग, ते ज्यानं पाहिलं तो विसरत नाही. "गांधीजी गेले तेव्हा तुझ्या कडेवर कोण होतं?" "कोयनेचा धरणीकंप झाला त्या पहाटे थोरला कितवीत होता?" ही ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. "दुष्काळात लाल मिलो आला तेव्हा काका नोकरीला लागले होते का?" मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, हे १९७२-७३. अशा प्रत्येक उत्तरातून तुम्हाला "याच्या आधी" किंवा "याच्या नंतर" अशी एक हद्द मिळते. दोन्ही बाजूंच्या हद्दी जवळ आणत गेलात की साल दोन-तीन वर्षांच्या पट्ट्यात येतं. तुम्ही स्वतः साल उच्चारू नका. "१९४४ असेल ना?" म्हटलं की आजी मान डोलावतात आणि तो पुरावा बाद होतो.

सातवी पायरी: जोडण्याआधी तीन कसोट्या

घटना शेजारी ठेवल्यावर कारण जोडायचा मोह फार होतो. प्रत्येक जोडणीला तीन प्रश्न विचारा. काळ जुळतो का, महिन्यापर्यंत? घटना त्याच तालुक्यात घडली का? आणि तिचा या माणसाच्या हाता-पायाशी, पोटाशी किंवा कागदाशी संबंध यायची वाट होती का?

"आजोबा आषाढात बोटीनं रत्नागिरीहून मुंबईला आले" ही आठवण घ्या. पावसाळ्यात रत्नागिरीकडच्या बोटी बंद असत. म्हणजे महिना तरी चुकला किंवा ते घाटावरून आले. "पणजोबा १८५७ च्या बंडात होते" असं घरी सांगत असतील तर ते तेव्हा कुठे होते ते बघा. कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ ला २७ व्या पलटणीनं उठाव केला, तिथे चौकशीला जागा आहे. नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याबद्दल हाच दावा असेल तर स्वतंत्र पुरावा लागेल. स्वातंत्र्यलढ्याबाबत जंगल सत्याग्रह, प्रतिसरकार, तुरुंगवास अशा दाव्यांसाठी १९७२ साली सुरू झालेल्या केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजनेचा अर्ज घरात आहे का ते शोधा. त्याला तुरुंगाचे दाखले जोडलेले असतात.

एक नमुना पूर्ण सोडवून

समजा सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातलं घर आहे. सांगणं असं: "पणजोबा प्लेगच्या साली जन्मले, मानमोडीत त्यांची आई गेली, मग ते गिरणीत लागले, युद्ध संपल्यावर परत आले."

"प्लेगचं साल" एकच नसल्यामुळे ते १८९७ पासून पुढची दहा-बारा वर्षं कुठेही असू शकतं. शाळेच्या रजिस्टरात १ जून १८९९. थोरल्या भावाची जन्मनोंद गाव नमुना १४ मध्ये १८९६ ची. भावंडांतलं नेहमीचं दोन-तीन वर्षांचं अंतर धरलं तर १८९८-९९ बसतं. तक्त्यात "१८९८-९९, अंदाजे" लिहा.

आईचं वर्षश्राद्ध आश्विन वद्यात होतं. मानमोडीचं वर्ष १९१८, म्हणजे शके १८४०, त्या वर्षीचं आश्विन वद्य ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसांत आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत येतं. साथीच्या भराशी नेमकं जुळतं. आता मृत्यूच्या वहीत तेवढे पंधरा दिवस ओळ न् ओळ बघा. नाव सापडलं तर "नोंद आहे", नाही सापडलं तर "घरचं सांगणं, काळाशी जुळणारं".

पणजोबा तेव्हा एकोणीस-वीसचे. १९१९ चं गहाणखत सापडलं तर पाऊस हुकणं, आईचा मृत्यू आणि गहाण एका वर्षात येतात. मुंबईला जाण्याचं कारण म्हणून हे मांडता येईल, पण "बहुधा" या शब्दासह. "युद्ध संपल्यावर" म्हणजे कोणतं युद्ध? पहिलं १९१८ मध्येच संपलं, तेव्हा ते अजून गेलेही नव्हते. एका मुलाचा जन्म १९३५ ला मुंबई महापालिकेत नोंदलेला असेल तर दुसरं महायुद्ध, १९४५ नंतरचा काळ. आणखी एक धागा: एखाद्या मुलाची जन्मनोंद १९२९ च्या पूर्वार्धात गावच्या वहीत दिसली तर १९२८ चा गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप आठवा. संपात बरेच कामगार गावी परतले होते. तिथेही "बहुधा" असंच लिहा आणि बायको त्या वर्षांत मुंबईत राहत होती का ते आधी तपासा, कारण ती गावीच राहत असेल तर सणासुदीची रजाही पुरते.

लिहिताना

तीन शब्द ठरवून घ्या आणि पूर्ण लेखनात तेच वापरा: "नोंद आहे", "बहुधा", "घरचं सांगणं". वाचणाऱ्या पुतण्या-भाच्याला प्रत्येक वाक्याचं वजन त्यावरून कळेल. पूर्वजाला काय वाटलं असेल, ते लिहू नका. त्याच्या भोवती काय होतं ते लिहा: त्या वर्षी ज्वारी रुपयाला किती शेर मिळत होती, स्टेशन किती कोसांवर होतं, घरात कोण कोण होतं. रिकामी वर्षं रिकामीच दाखवा, "१९०५ ते १९११ काही सापडलेलं नाही" असं सरळ लिहून. पुढे कुणाला नेमकी तीच वर्षं भरणारा कागद सापडतो.

नवा कागद जुन्या निष्कर्षाला छेद देणारा निघाला तर जुनी ओळ खोडू नका. खाली तारीख घालून नवी ओळ जोडा आणि कोणत्या कागदामुळे मत बदललं ते लिहा. तक्त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा.